वाढला म्हण

लातूरच्या गोलाईत जिथे आमच्या अप्पांचं कपबशांचं दुकान होतं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. परवा मुलीच्या फोनला कव्हर घ्यायला गेले, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ते म्हातारे अप्पा ना? त्यांनी दुकान बंद केलं." मला उगाचच राग आला. म्हटलं, "बंद नाही केलं. वाढवलं." तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल, अप्पांनी दुकान मोठं करून रिंग रोडला नेलं.

जुन्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा. दिवाही वाढवायचा आणि सवाष्णीच्या हातातली बांगडीही फुटत नाही, वाढते. वाईट शब्द जिभेवर येऊ नये म्हणून आपल्या लोकांनी ही पळवाट काढली. अप्पांनी त्या पळवाटेचा हमरस्ता केला होता. सगळं दुकान काचेचं आणि चिनीमातीचं, आणि त्या दुकानात 'फुटणे' या शब्दाला बंदी. कप वाढायचा, बशी वाढायची, लोणच्याची बरणीसुद्धा वाढायची. एखादं गिऱ्हाईक तणतणत यायचं, "अप्पा, तुमच्याकडचे ग्लास आठ दिसांत फुटले की वो!"

"वाढले," अप्पा म्हणायचे.

"आवो, फुटले म्हणायलोय मी!"

"वाढले म्हणा, मंग दुसरे दाखवतो."

काही जण हसून म्हणायचे आणि काही पायऱ्या उतरून समोरच्या दुकानात जायचे. अप्पांना त्याचं सुखदुःख नव्हतं.

अप्पा उंच आणि वाळके होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग आणि खांद्यावर एक मऊ सुती फडकं. ओळखीचं कुणी आलं की "शरणार्थ" म्हणून हात जोडायचे आणि लगेच विचारायचे, "घरात किती माणसं?" ही ख्यालीखुशाली नव्हती, हा धंदा होता. माणसं मोजल्याशिवाय अप्पा मालाला हात लावू देत नसत. एकदा एक नवं जोडपं मोठा डिनर सेट घ्यायला आलं. अप्पांनी त्यांना दोन ताटं, दोन वाट्या आणि दोन कप काढून दिले.

"अप्पा, आम्हाला सगळा सेट पाहिजे," नवरा म्हणाला.

"दोघंच हाव ना? भांड्याला भांडं लागतंच बाबा. पर त्याच्यासाठी मोप भांडी कशाला घेतावं?"

सेट असा मोडला की उरलेले कप एका फळीवर जायचे. त्या फळीला अप्पा 'एकांड्यांची फळी' म्हणत. मुरुडहून, हदगावहून पोरं लातुरात क्लासला यायची, खोली करून राहायची. त्यांच्या आया एक ताट, एक ग्लास, एक कप घ्यायला दुकानात यायच्या. अप्पा त्या फळीवरचा कप काढायचे, बोटाच्या नखानं टिचकी मारायचे आणि कानाजवळ न्यायचे. खणखणला की म्हणायचे, "बोलतोय, घ्या." बद्द वाजला की म्हणायचे, "मुका हाय," आणि बाजूला ठेवायचे. एखाद्या आईनं दोन कप मागितले तर द्यायचे नाहीत. "दुसरा कप दिसला की दोस्त बोलवू वाटतंय, अन् अब्यास ऱ्हातोय बाजूला."

त्यांचा राग मी कधी ऐकला नाही. राग आला की खांद्यावरचं फडकं हातात यायचं आणि अप्पा एकेक ग्लास उचलून पुसायला लागायचे. राग जेवढा मोठा तेवढा ग्लास चकचकीत. आमचे शौकतभाई म्हणजे दुकानातले जुने सेल्समन, अप्पांच्या लग्नाआधीपासूनचे. सकाळी मी आत शिरले की ते हवामान सांगायचे, "आज कुछ नक्को बोलो. काच पुसनेकू बैठे." टॅक्सचं विवरणपत्र भरायचे दिवस आले की आमचं दुकान सगळ्या बाजारात उठून दिसायचं.

मी तिथे बिलं करायला लागले, तेव्हा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. पहिल्याच दिवशी एका बरणीचं काचेचं झाकण माझ्या हातातून सुटलं.

"अगं बाई, फुटलं!"

"वाढलं म्हण," गल्ल्यावरून आवाज आला.

मी खाली बसून तुकडे वेचत होते. का कोण जाणे, डोकंच फिरलं. माझी जीभ तशी लहानपणापासून कधी दावणीला राहिलेली नाही. म्हटलं, "अप्पा, माझ्या बांगड्या दगडावर आपटल्या ना, तवा भरल्या अंगणात एक जण वाढवा म्हणला न्हाई. सगळे फोडा, फोडा म्हणून वरडत व्हते. आन आता मी झाकणाला वाढलं म्हणू?" आणि मनगट त्यांच्यासमोर धरलं. त्या दिवशी काच घुसल्याचा वण अजून तांबडा होता.

नोकरी गेली असं धरून मी पर्स उचलली. अप्पांनी फडकं हातात घेतलं आणि पाण्याचे ग्लास पुसायला लागले. बऱ्याच वेळानं मान वर न करता म्हणाले, "शौकत, हिला टोकायचं न्हाई. हिनं फुटलं म्हणलं त चालंल." तुकडे वेचताना माझं बोट कापलं होतं. ते मी पदराला पुसलं आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले.

तेव्हापासून त्या दुकानात 'फुटलं' म्हणायची मुभा फक्त मला होती. शौकतभाई त्याला माझं लायसन म्हणायचे. कुणाच्या हातून काही पडलं की ते मला हाक मारायचे, "आओ, तुमच बोलो." मी जाऊन जोरात "फुटलं" म्हणायचे आणि गल्ल्यावर अप्पा ऐकू न आल्यासारखं करायचे.

अप्पांच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. काकू उदगीरकडच्या, ठेंगण्या, बोलायला खणखणीत. चार वाजता हातात चहाची किटली आणि पिशवीत दोन कप घेऊन त्या दुकानात यायच्या. कपबशीवाल्याच्या घरात काचेचं म्हणून एवढे दोनच कप टिकले होते, निळ्या काठाचे. बाकी जे जे नवं यायचं, ते काकूंच्या हातून जायचं. काच त्यांच्या हातात टिकायचीच नाही. एक कप अप्पांचा, एक काकूंचा, आणि आम्हाला स्टीलच्या ग्लासात.

"आज बरणी फुटली बगा," काकू चहा ओतता ओतता सांगायच्या.

"वाढली."

"हाव, वाढली. मोजा की मंग, एकीच्या दोन झाल्या का?"

अप्पांचा हात फडक्याकडे जायचा आणि काकू आमच्याकडे बघून डोळे मिचकावायच्या. हे रोजचं होतं. मला वाटतं, काकू मुद्दाम 'फुटली' म्हणायच्या आणि अप्पाही चार वाजायची वाट बघायचे.

श्रावण संपता संपता काकू गेल्या. सकाळी धडधाकट होत्या आणि दुपारी शेजारणीचा दुकानात फोन आला. अप्पा घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे काकूंना बसवून माती दिली. जंगम मंत्र म्हणत होते, सासरहून आलेली मुलगी हंबरडा फोडत होती, शौकतभाई तोंडाला रुमाल लावून उभे होते. अप्पा मात्र कोरडे. दिवस होऊन गेल्यावर त्यांनी नेहमीच्या वेळेला शटर वर केलं, गल्ल्याला हात लावून नमस्कार केला आणि ग्लास पुसायला घेतला. तो दिवसभर पुसला. दुसऱ्या दिवशी दुसरा.

आम्ही म्हटलं, दुःख आहे, पुसू दे. पण एक दिवस शौकतभाईंच्या हातून बशी पडली. ते घाईनं म्हणाले, "बशी फूट गयी... नै नै, वाढ गयी अप्पा!" अप्पा काही बोलले नाहीत. मग पॅकिंगच्या सुमनबाईंकडून ग्लास गेला. त्या सवयीनं घाबरून "फुटला" म्हणाल्या आणि जीभ चावली. अप्पा काहीच बोलले नाहीत. शेवटी शौकतभाईंनी मुद्दाम गल्ल्यासमोर उभं राहून एक मुका कप खाली सोडला आणि मोठ्यानं म्हणाले, "फुटला!" आणि वाट बघत राहिले. अप्पांनी नुसती मान वर केली आणि परत खाली घातली. त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा भीती वाटली.

अप्पांची मुलगी सासरहून मला फोन करायची. एकच विचारायची, "अप्पा रडले का वो ताई?" मी नाही म्हणायचे. ती म्हणायची, "अप्पांच्या आत्या बी नवरा गेल्यावर अशाच कोरड्या व्हत्या म्हणून अप्पाच सांगतेत. न रडता बसल्या आन सहा महिन्यात गेल्या. ह्यांचं बी तसंच व्हईल बघा. कसं बी करून त्येन्ला रडवा." आता माणसाला हसवायचं कसं ते तरी ठाऊक असतं. रडवायचं कसं, ते कुणी शिकवत नाही. मी दोन-तीनदा काकूंचा विषय काढून बघितला. अप्पा म्हणायचे, "बिलं झाली का?" आणि ग्लास उजेडात धरायचे.

दिवाळीचा हंगाम सरल्यावर दुकानात एक तरुण आला. भोकरचा, इंजिनीअर, पुण्याची नोकरी सोडून नांदेडला काहीतरी नवं सुरू केलेला. पायरीवरच त्यानं शौकतभाईंना सांगितलं की त्याचा 'राग काढायचा' हॉल आहे. माणसं तिकीट काढून येतात, डोक्याला हेल्मेट घालतात, हातात बॅट घेतात आणि कपबशा, बाटल्या, जुने टीव्ही फोडून मन मोकळं करून जातात. त्याला स्वस्तातला सुटा माल हवा होता. मी बिलाच्या टेबलाशी बसून ऐकत होते. मनात म्हटलं, आमच्या गावात बायका मोरीवर भांडी आदळतात, त्याला कुणी तिकीट लावलं नाही अजून. शौकतभाईंनी त्याला कोपऱ्यात घेऊन बजावलं, "अंदर फोडना मत बोलो, बाबा. अप्पा हाकल देंगे. वाढवना बोलो."

तो आत आला, अप्पांच्या पाया पडला आणि एका दमात म्हणाला, "अप्पा, मला वाढवायला कप-बशा पाहिजेत." त्याच्या भोकरच्या जिभेखाली मधला 'व' गेला. अप्पांना ऐकू आलं, 'वाढायला'.

"कुठं हाय?" अप्पांनी विचारलं.

"नांदेडला."

"येका टायमाला किती माणसं?"

"आठ-दहा येतेत. सुट्टीच्या दिशी लई."

"कोण येतेत?"

"कॉलेजची पोरं, बँकेतले, दवाखान्यातल्या नर्स. समदेच येतेत अप्पा. येताना डोस्कं तापलेलं असतंय, जाताना शांत हून जातेत."

"पोटात पडलं की डोस्कं शांत व्हतंयच," अप्पा म्हणाले. "उष्टं-खरकटं येकाचं दुसऱ्याला न्हाई ना देत?"

तरुण गोंधळला. त्यानं शौकतभाईंकडे बघितलं. शौकतभाई छताकडे बघत होते. "न्हाई अप्पा," तो म्हणाला, "परत्येकाला येगळं."

अप्पा उठले. कित्येक आठवड्यांनी त्यांना स्वतःहून उठताना मी बघत होते. त्यांनी एकांड्यांच्या फळीवरचा सगळा माल खाली काढायला लावला. फळीवरचा प्रत्येक कप पुसला, टिचकी मारली, सुमनबाईंकडून पेंढ्यात नीट बांधून घेतला. शेवटी काकूंची चहाची पिशवी, जी आता अप्पाच रोज घरून आणायचे, ती उघडली आणि निळ्या काठाचा एक कप खोक्यात ठेवला.

"अप्पा, हा तुमचा कप," मी म्हटलं.

"हा बी आता एकटाच हाय. जाऊ दे, चार लेकरांत ऱ्हाईल."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. तो घालवायची छाती झाली नाही. शौकतभाईंचीही नाही. नंतर रोज दुपारी डबा उघडला की अप्पा म्हणायचे, "आज नांदेडात काय भाजी असंल?" किंवा "पोरं जेवली असतील का?" आम्ही एकमेकांच्या पायांवर पाय द्यायचो.

"तुमच बोलो," शौकतभाई मला म्हणायचे. "तुम्हारा लायसन है."

"माझं लायसन फुटलं म्हणायचं हाय, भाई. फोडून टाकलं म्हणायचं न्हाई."

दरवर्षी हंगाम संपला की अप्पा सगळ्या दुकानाला गाडी करून एक दिवस बाहेर न्यायचे. ठरलेला देव, ठरलेलं जेवण. यंदा कुणी विषयच काढला नव्हता. एके सकाळी अप्पाच म्हणाले, "ह्या रविवारी नांदेडला जाऊ. त्या पोराच्या मेसात जेवू. आपले कप कसे हायेत बघून येऊ." शौकतभाईंनी खूप सांगून बघितलं. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, तिथे जेवू म्हणाले. अप्पा म्हणाले, "लंगर हायच की. पर आपले कप तिथं न्हाईत."

मी गुपचूप त्या तरुणाला फोन केला. तो रडकुंडीला आला. "ताई, मी काय करू? खिचडी लावू का?"

"लाव बाबा," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

अशी आमची सहल निघाली. जीपमध्ये पुढे अप्पा, मागे मी, शौकतभाई, सुमनबाई आणि पॅकिंगच्या आणखी दोघी. अप्पांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. "जेवायला चाललोत, पोट मोकळं पाहिजे," म्हणाले. आम्ही सगळे परीक्षेला निघाल्यासारखे गप्प.

हॉल गावाबाहेर एका गोदामात होता. बाहेर 'राग काढा, मोकळे व्हा' अशी पाटी. अप्पांनी ती वाचली. "चांगलं नाव ठेवलंय मेसाला," म्हणाले. आत खिचडीचा वास सुटला होता. त्या पोरानं खरंच टेबलावर मोठं पातेलं मांडलं होतं. शेजारी हेल्मेटांची रांग. अप्पांनी नळाखाली हात धुतले, टोपी नीट केली आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर ताटाची वाट बघत बसले.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. खळ्ळ!

"काय वाढलं?" अप्पा म्हणाले.

काकू गेल्यापासून तो शब्द आम्ही त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. शौकतभाईंनी माझा हात घट्ट धरला. मग पुन्हा खळ्ळ, पुन्हा, आणि त्यावर पोरींची आरोळी. अप्पा उठले, पडदा बाजूला केला. पलीकडे जाड काच आणि काचेच्या पलीकडे खोली. तिथे तीन पोरी हेल्मेट घालून भिंतीवर कप मारत होत्या. अप्पांचे कप. खाली चिनीमातीचा सडा पडला होता.

अप्पांचा हात खांद्याकडे गेला.

"गये," शौकतभाई पुटपुटले.

अप्पा भिंतीशी ठेवलेल्या खोक्याजवळ खाली बसले. पेंढ्यातून एक कप काढला आणि पुसायला लागले. तो तरुण हात जोडून उभा होता. "अप्पा, मी सांगितलं व्हतं की, वाढवायला पाहिजेत म्हणून."

"तू वाढवायला म्हणलास. मी वाढायला ऐकलं," अप्पा म्हणाले. आवाज अगदी शांत. "तुझी चूक न्हाई." त्यांनी कपाला टिचकी मारली, कानाशी नेला आणि उजवीकडे ठेवला. दुसरा डावीकडे. बोलणारे एकीकडे, मुके एकीकडे.

दार उघडून तिघी बाहेर आल्या, एक पोरगी सगळ्यांत पुढे. तिनं हेल्मेट काढलं तर केस घामानं चिकटलेले आणि एकाच वेळी हसूही येत होतं, रडूही. अप्पांनी मान वर केली.

"घरात किती माणसं, माय?"

ती दचकली. "एकटीच हाय, आजोबा. रूम करून राहते. दवाखान्यात नर्स हाय."

"एवढा कशाचा राग आला व्हता?"

"राग न्हाई वो," ती म्हणाली. "एक आज्जी गेली वॉर्डात. माझ्या हातानंच जेवायची. ड्युटीवर रडता येत न्हाई. हितं कितीबी रडा, आवाजात कुणाला कळत न्हाई."

अप्पांनी उजवीकडच्या ढिगातला एक कप उचलून तिच्या हातात दिला. "हा बोलतोय. चहा पी ह्याच्यात." ती कप छातीशी धरून उभी राहिली. अप्पांनी परत खोक्यात हात घातला आणि निळ्या काठाचा कप वर आला. तो अजून शाबूत होता. त्याला त्यांनी टिचकी मारली नाही. तो हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला बी आत जायचंय."

टोपीवर हेल्मेट बसेना. शौकतभाईंनी टोपी काढून स्वतःच्या खिशात घातली आणि हेल्मेट चढवलं. हेल्मेटच्या काचेमागे विभूतीचे पट्टे दिसत होते. तरुणानं बॅट पुढे केली, ती अप्पांनी घेतली नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू चल. तुला लायसन हाय."

आत पाऊल टाकलं की खाली कचकच वाजत होतं. अप्पा मधोमध उभे राहिले, कप दोन्ही हातांत धरून. मी भिंतीशी. मग बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"त्या दिशी सकाळी तिचा कप तिच्या हातातून सुटला. मी पूजेला बसलो व्हतो. म्हणाली, 'अय्यो शिवा, फुटला वो कप.' मी तिथूनच वरडलो, 'वाढला म्हण!' रोजचंच हाय. ती रोज हसायची. त्या दिशी म्हणाली, 'म्हणू द्या की फुटला. उद्या मी मेले, तरी लोकाला वाढली म्हणूनच सांगताल.' मला लई राग आला, माय. तिनं चहा पुढं केला, तो बी न घेता मी दुकानाला निघून आलो. ग्लास पुसत बसलो. आन दुपारी फोन आला."

मला आठवलं. त्या दिवशी सकाळी शौकतभाईंनी मला हवामान सांगितलं होतं.

"घरी गेलो त तिला निजवलं व्हतं," अप्पा म्हणाले. "तिच्या बोटाला चिंधी व्हती. रगताची. कपाचे तुकडे येचताना कापलं असंल. एकलीनंच दातानं गाठ मारलेली. आन मी? वाढला म्हण, वाढला म्हण. लागलं का गं, एवढं इचारलं न्हाई."



अप्पांना कप भिंतीवर फेकता येईना. हात वर जायचा आणि खाली यायचा. शेवटी ते खाली बसले आणि देवळाच्या पायरीवर नारळ आपटतात तसा त्यांनी कप फरशीवर आपटला. कप पक्का होता, नुसता खणकला. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा मात्र त्याचे तुकडे झाले.

"फुटला," अप्पा हळूच म्हणाले.

मग मोठ्यानं म्हणाले. "फुटला गं! फुटला! ऐकतीस का, फुटला!" आणि हेल्मेटच्या आत अप्पा रडायला लागले. मोठ्यानं, तोंड उघडून रडले, गुडघ्यांवर हात आपटून रडले. काचेपलीकडे शौकतभाई अप्पांच्या टोपीत तोंड घालून उभे होते आणि सुमनबाई पदर डोळ्यांना लावून. इतकी वर्षं मी त्या माणसासमोर हट्टानं 'फुटलं' म्हणत आले. त्या क्षणी मला दुसरंच म्हणावंसं वाटलं. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "वाढला, अप्पा."

त्यांनी मान हलवली. "न्हाई माय. फुटला."

त्यांनी हेल्मेट काढलं. खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. त्या फडक्यानं त्यांना स्वतःचं काही पुसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मग सवयीनं तुकडे वेचायला हात पुढे केला. मीही केला. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं, वण आहे तिथेच.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "लागलं का कुठं?"

कुणी असं विचारलं की आपण पटकन नाही म्हणतो. माझ्याही तोंडात तेच आलं होतं. पण अंगणात दगडावर माझे हात दाबून धरले होते, तेव्हापासून आजपर्यंत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आईनंही नाही.

"लागलं व्हतं, अप्पा," मी म्हटलं. "लई दिस झाले."

"त्या झाकणाच्या दिशीच इचारायला पाहिजे व्हतं मी," अप्पा म्हणाले. मनगट त्यांनी सोडलं नाही. त्याच्या आधारानं उठले, मलाही उठवलं आणि दाराकडे बघितलं. बाहेर त्या तिन्ही पोरी, शौकतभाई, सुमनबाई, तो भोकरचा पोरगा, सगळे एका जागी गोळा होऊन उभे होते. टेबलावर खिचडी निवत चालली होती.

"चल," अप्पा म्हणाले. "उपाशी हायेत समदे. वाढायला घेऊ."